मामांचा लॅपटॉप आणि वायफायचा कारभारी

नात्यातल्या सगळ्यांचे जुने लॅपटॉप शेवटी माझ्याकडेच येतात. डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकून होतं, ब्राउझरमध्ये मराठी टायपिंग चालू होतं, आणि मग प्रश्न उरतो नेट जोडून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा. नेटवर्कमॅनेजर ठेवायचा, की काहीतरी हलकं?

माझे लिनक्सवाले मित्र डोळे झाकून हलकं सांगतात. दोन जीबी रॅमच्या मशीनवर ओझं कशाला, म्हणे. मला हे कधी पटलं नाही. नेटवर्कमॅनेजर जेवढी रॅम घेतो, त्याच्या कितीतरी पट ब्राउझरचा एक टॅब खातो. मी रॅम बघतच नाही. मशीन एका जागी बसतं की फिरतं, आणि कुणाच्या हातात असतं, एवढंच बघते.

घरी कपाटावर फोटोंच्या बॅकअपसाठी एक जुना डेस्कटॉप पडून आहे. तो कुठे जात नाही, लॅनची वायर कायम लावलेली. त्याला सिस्टिमडी-नेटवर्कडी, म्हणजे फाइलमधून चालणारं हलकं सॉफ्टवेअर. चार ओळींची फाइल: कुठलं नेटवर्क कार्ड ते सांगायचं, डीएचसीपी (राउटरकडून आपोआप आयपी पत्ता घेणं) चालू म्हणायचं, संपलं. तिथे नेटवर्कमॅनेजर बसवायला काही कारणच नाही.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर आयडब्ल्यूडी हे वायफाय जोडणारं हलकं सॉफ्टवेअर आहे. इंटेलनं बनवलेलं, २०१९ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. वायफायला जोडणाऱ्या जुन्या डब्ल्यूपीए-सप्लिकंटची गरज राहत नाही, आणि सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घातली की आयपी पत्ताही स्वतःच मागून घेतं. झाकण उघडलं की वायफाय लगेच लागतं. फक्त आयडब्ल्यूडी आणि डब्ल्यूपीए-सप्लिकंट एकाच वेळी चालू ठेवू नका, एकाच कार्डावरून त्यांची ओढाताण सुरू होते.

पण मामांचा लॅपटॉप वेगळा. ते वाळवा तालुक्यात राहतात, दूध संस्थेचा हिशोब त्यावरच करतात. लाईट गेली की राउटर बंद, आणि मग फोन वायरनं जोडून त्याचंच नेट वापरायचं, म्हणजे यूएसबी टेदरिंग. यात गंमत अशी, की बरेच अँड्रॉइड फोन दरवेळी नवा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) घेऊन येतात आणि डेबियनमध्ये त्या कार्डाचं नावच त्या पत्त्यावरून पडतं. म्हणजे आज एक नाव, उद्या दुसरं. हलक्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी नियम लिहिता येतो, मी लिहिलेलाही आहे. पण तो बिघडला तर दुरुस्त कोण करणार? नेटवर्कमॅनेजरला नावाशी देणंघेणं नाही. वायरचं कनेक्शन दिसलं की जोडून टाकतो.

‘मामा, टेदरिंग चालू केलंत?’

‘केलं. आता कुठं दाबू?’

‘कुठंच नाही. मेल उघडा.’

पूर्वी या दोन टोकांच्या मधलं विकेड होतं. एक छोटी खिडकी, सिग्नलची यादी, बाकी भानगड नाही. मला ते फार आवडायचं. पण ते पायथन २ या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेलं. २०२० च्या सुरुवातीला पायथन २ चा आधार संपला आणि २०२१ च्या डेबियन ११ मध्ये विकेड उरलंच नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या मशीनवर काही घालताना मी आधी बघते की त्याची देखभाल कोणी करतंय का. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या ओएसनंही २०२३ मध्ये नेटवर्कमॅनेजरच मूळ पर्याय केला.

एक खाचखळगा मात्र सांगते. डेस्कटॉपशिवाय डेबियन टाकताना वायफाय जोडलं असेल, तर त्याची माहिती ‘इंटरफेसेस’ नावाच्या जुन्या फाइलमध्ये जाते. नंतर नेटवर्कमॅनेजर घातला तरी तो त्या कार्डाला हात लावत नाही, नुसतं ‘अनमॅनेज्ड’ (माझ्या ताब्यात नाही) दाखवतो. त्या फाइलमधल्या त्या कार्डाच्या ओळींच्या सुरुवातीला हॅश (#) टाका, म्हणजे त्या वाचल्या जात नाहीत, आणि मशीन रीस्टार्ट करा. आणि आयडब्ल्यूडीचा वेगही हवा असेल, तर नेटवर्कमॅनेजरला वायफायचा बॅकएंड (आतून काम करणारा भाग) म्हणून तेच वापरायला सांगता येतं. मामांच्या लॅपटॉपवर ते अजून केलेलं नाही, चाललंय ते चालू दे.