दाउगावापलीकडचे मैदान

लात्वियाची राजधानी रीगाच्या जुन्या शहरातून दगडी पुलावरून दाउगावा नदी ओलांडून सावकाश चालत गेले की उझवारास उद्यान लागते. येथील 79 मीटर उंचीचा सोव्हिएत विजयस्तंभ 25 ऑगस्ट 2022 रोजी पाडण्यात आला. मला मात्र 1 मे 2004 या दिवसाची जागा पाहायची होती. लात्विया युरोपीय संघात दाखल झाला तो हा दिवस. त्याच दिवशी हजारो रशियन भाषिक या मैदानावर जमले होते आणि त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती.

कारण शाळांचेच होते. 1998 च्या शिक्षण कायद्याने सप्टेंबर 2004 पासून रशियन माध्यमाच्या शाळांतील दहावीपासूनचे शिक्षण पूर्णपणे लात्वियन भाषेत होणार होते. आंदोलनाचा जोर वाढल्यावर फेब्रुवारी 2004 मध्ये लात्वियनचे प्रमाण किमान 60 टक्क्यांवर आणले गेले. ‘रशियन शाळांना हात लावू नका’ ही घोषणा तेव्हाची. आंदोलन चालवणाऱ्या समितीला सगळे नुसते ‘श्ताब’, म्हणजे मुख्यालय, म्हणत. समितीत मोठी माणसे होती, त्यांचे राजकारणही होते. पण वर्ग सोडून रस्त्यावर आलेली मुले केवळ त्यांच्या हातची बाहुली होती, असे मला वाटत नाही.

माझ्यासोबत आलेली छत्तिशीतली परिचित बाई तेव्हा नववीत होती. ती म्हणाली, “आम्हांला लात्वियन भाषेचा राग नव्हता. भौतिकशास्त्र कोणत्या भाषेत शिकायचे हे आम्हांला न विचारता ठरले, याचा होता.” मी बेळगावचा असल्याने हे वाक्य मला ओळखीचे वाटले, पण तुलना तेथेच संपते, कारण आमचा मताचा हक्क कोणी काढून घेतला नव्हता. येथे 1991 मध्ये सोव्हिएत संघातून स्वतंत्र झाल्यावर नागरिकत्व मिळाले ते 1940 च्या सोव्हिएत कब्जापूर्वीच्या नागरिकांना आणि त्यांच्या वंशजांना. सोव्हिएत काळात येऊन स्थायिक झालेले सुमारे सात लाख लोक ‘नेपिल्सोनिस’, म्हणजे अ-नागरिक, ठरले. ज्यांच्या आईवडिलांना मतच नव्हते, त्या मुलांना रस्त्याखेरीज दुसरी जागा कोणती होती?

पुढे भाषेची आणि इतिहासाची परीक्षा देऊन माझी ही परिचित नागरिक झाली. तिच्या आईने परीक्षा दिली नाही, त्यामुळे तिला आजही महापालिकेसाठीसुद्धा मत देता येत नाही.

“निवडणुकीच्या आदल्या रात्री आम्ही दोघी कडाक्याने भांडतो,” ती हसून म्हणाली, “आणि सकाळी मत एकच पडते.”