एचएफएमडी एकदा झाला म्हणजे सुटलो, असं नसतं

पावसाळा सुरू झाला, शाळा-प्लेग्रुप रुळावर आले की दरवर्षी पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज येतोच, अमुक वर्गात एका मुलाला एचएफएमडी झालाय, काळजी घ्या. एचएफएमडी म्हणजे हॅंड फूट अँड माउथ डिसीज, ताप येऊन हाता-पायांवर आणि तोंडात फोड उठवणारा मुलांचा आजार. मग धडाधड प्रश्न. हा कांजण्यांचाच प्रकार आहे का, डास चावून होतो का, आमच्याला मागच्या वर्षी झालाय म्हणजे आता होणार नाही ना? यातल्या शेवटच्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचंय, कारण माझ्या धाकटीला हा आजार दोनदा होऊन गेलाय आणि दुसऱ्या वेळी घरातलं कुणीच मानायला तयार नव्हतं की हा तोच आहे. सासूबाई म्हणत होत्या कांजण्या आहेत, अंथरुणाखाली कडुलिंबाचा पाला ठेवा, शेजारच्या काकू म्हणत होत्या उष्णता झालीय, आणि खरं सांगते, पुरळ बघितलं तर त्यांचं काही चुकत होतं असंही नाही, ते पहिल्या वेळेसारखं दिसतच नव्हतं.

झालं असं की हा आजार एक असला तरी व्हायरस एक नाही. एंटेरोव्हायरस म्हणून एक मोठं खानदान आहे, आतड्यात वाढणारे, अगदी सूक्ष्म, शंभराहून जास्त प्रकार, आणि पोलिओचा व्हायरसही त्यातलाच. त्या खानदानातले बरेच जण मुलांच्या हाता-पायांवर आणि तोंडात हे फोड आणू शकतात. मुख्य नावं म्हणजे कॉक्सॅकी ए16, कॉक्सॅकी ए6, कॉक्सॅकी ए10 आणि एंटेरोव्हायरस ए71. शरीर ए16 शी लढून तयार झालं की ती तयारी ए16 पुरती. उद्या ए6 आला की त्याच्यासाठी ते मूल पुन्हा कोरंच. म्हणून दोनदा, तीनदा होऊ शकतो, आणि त्यात मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे किंवा आईने काही नीट केलं नाही असं अजिबात नाही. हे मी ठळक करून लिहितेय कारण हे ऐकून घेणाऱ्या आया मी बघितल्यात.

कॉक्सॅकी हे अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन नदीकाठच्या गावाचं नाव आहे. 1940 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या आजारी मुलांच्या शौचाच्या नमुन्यात गिल्बर्ट डालडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स हे संशोधक पोलिओ शोधत होते आणि सापडला हा नवाच व्हायरस, 1948 मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. त्यानंतर 1957 साली कॅनडात टोरांटोला मुलांमध्ये ताप आणि फोडांची साथ आली त्यात ए16 सापडला, आणि हॅंड फूट अँड माउथ हे नाव पडलं ते इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या 1959 च्या साथीनंतर. गावाकडे गुराढोरांना लाळ-खुरकूत होतो ना, त्याच्याशी याचा संबंध नाही, तो व्हायरस वेगळा, गोठ्यातून मुलांना हा आजार येत नाही.

तर माझ्या मुलीचं दुसऱ्या वेळी वेगळं का दिसलं. टेस्ट केली नव्हती, साध्या केसमध्ये करतही नाहीत, त्यामुळे नक्की कुठला होता ते सांगता येणार नाही, पण डॉक्टरांचा अंदाज ए6 चा होता. ए16 बहुतेक वेळा शहाण्यासारखा वागतो, तळहात, तळपाय, तोंड, थोडं ढुंगणावर, झालं. ए6 मात्र तोंडाभोवती, कोपर, गुडघे, मांड्या सगळीकडे पसरतो, फोड मोठे येतात, ज्या मुलांना एक्झिमा (इसब) आहे त्यांच्यात तर त्या जागी दाटीवाटीने उठतात, म्हणून कांजण्याच वाटतात. मोठ्या माणसांनाही तो बऱ्यापैकी पकडतो. आणि आजार जाऊन महिना-दीड महिना झाल्यावर नखं मुळापासून सुटून गळायला लागतात! 2008 मध्ये फिनलंडमध्ये ए6 ची साथ आली तेव्हा डॉक्टरांना हे मोठ्या प्रमाणात दिसलं होतं. आमच्याकडे अंगठ्याचं नख असं अर्धं उचललेलं बघून माझ्या पोटात गोळा आला होता, कॅल्शियम कमी झालं की काय इथपासून सगळं डोक्यात आलं, पण दुखत नाही, औषध लागत नाही, खालून नवीन नख येतं.

2022 मध्ये टोमॅटो फ्लू म्हणून बातम्या आल्या होत्या आठवतंय? मे महिन्यात केरळमध्ये कोल्लमला सुरुवात, जुलैअखेरपर्यंत पाच वर्षांखालच्या 82 मुलांची नोंद, आणि चॅनलवाल्यांनी नवीन महामारी आल्यासारखं चालवलं. लोकांना वाटलं टोमॅटो खाऊन होतो, आमच्या सोसायटीत तर टोमॅटो घेणंच बंद केलं होतं काहींनी. नंतर केरळहून ब्रिटनला परतलेल्या दोन भावंडांचे नमुने तपासले तर निघाला जुनाच कॉक्सॅकी ए16. फोड लाल आणि गोल म्हणून ते नाव, बाकी टोमॅटोचा काही दोष नाही. त्या घाबरवण्याचा मला अजून राग येतो, कारण त्याच बातम्यांमध्ये पाणी किती पाजा, कधी दवाखान्यात न्या हे कुणी नीट सांगितलं नाही.

खरं घाबरायचं ते ए71 ला. 1969 मध्ये कॅलिफोर्नियात मेंदूला सूज आलेल्या एका बाळाच्या शौचातून हा पहिल्यांदा सापडला. 1975 ला बल्गेरियात, 1997 ला मलेशियातल्या सारावाकमध्ये, आणि 1998 ला तैवानमध्ये याने मुलं नेली. तैवानमध्ये त्या वर्षी 1,29,106 केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या 405 गंभीर, 78 मृत्यू, बहुतेक अगदी लहान मुलं. हा मेंदूच्या देठापर्यंत पोचतो, तिथून हृदय आणि फुप्फुसं बिघडतात, काही तासांत फुप्फुसांत पाणी भरतं. भारतात 2003 च्या कालिकतच्या साथीत ए71 सापडला होता, पण गेली काही वर्षं आपल्याकडे जास्त करून ए16 आणि ए6 च मिळतायत, म्हणून आपल्याकडची बहुतेक मुलं आठवडा-दहा दिवसांत बरी होतात.

यावर लस नाही का, हेही विचारतात. चीनमध्ये डिसेंबर 2015 ला ए71 ची लस मंजूर झाली, चाचण्यांमध्ये ए71 च्या आजारापासून 90 टक्क्यांवर संरक्षण मिळालं, पण ती फक्त ए71 साठी. लस घेतलेल्या मुलांना ए16, ए6 होतच राहतात. पोलिओचे प्रकार फक्त तीन होते, इथे ही एवढी मोठी फौज, म्हणून एका लशीत सगळे आवरत नाहीत.

व्हायरस सौम्य असला तरी लक्ष ठेवावंच लागतं. ताप तीन दिवसांच्या वर टिकला, मूल सुस्त पडून राहतंय, झोपेत सारखं दचकतंय, चालताना तोल जातोय, उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात चाललाय, हातपाय गार पडलेत, किंवा सात-आठ तास शू झाली नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं.

बाकी घरी काय, तर मुख्य त्रास तोंडाचा. तोंड इतकं आलेलं असतं की मूल भुकेलं असून घास लावला की रडतं, स्वतःची लाळसुद्धा गिळत नाही. पहिल्या दोन दिवसांत जेवणाचा आग्रह सोडा, पाणी पोटात जाणं महत्त्वाचं. गार ताक, गार दूध, नाचणीची पेज थंड करून, मऊ दहीभात, आणि हो, आइस्क्रीम, आजीने कितीही डोळे वटारले तरी, कारण गारव्याने दुखणं कमी होतं. लिंबू, संत्रं, तिखट-मीठ नको. तापाला आणि दुखण्याला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढं, ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. काही जण कांजण्या-नागिणीवरचं असायक्लोव्हिर लिहून देतात, ते हर्पीस जातीच्या व्हायरसवर चालतं, एंटेरोव्हायरसवर नाही, तर कशासाठी देताय हे विचारायला लाजू नका.

आणि सॅनिटायझर. कोविडमध्ये आपल्याला त्याची इतकी सवय लागली की प्लेग्रुपच्या दारात अजून बाटली असते. कोविडच्या व्हायरसवर चरबीचं आवरण असतं, अल्कोहोलने ते फाटतं. एंटेरोव्हायरसला ते आवरणच नाही, त्यामुळे नेहमीचं सॅनिटायझर त्याच्यावर भरवशाचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, नीट चोळून, डायपर बदलल्यावर तर हमखास. खेळणी, दाराच्या कड्या, टॉयलेटची सीट ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसायची. फोड सुकल्यावरही शौचातून व्हायरस कित्येक आठवडे जात राहतो, त्यामुळे मूल बरं झालं म्हणून हात धुण्यात ढिलाई नको. घरात कुणी गरोदर असेल आणि दिवस भरत आले असतील तर तिने तिच्या डॉक्टरांच्या कानावर घालावं, नवजात बाळाला हा जड जाऊ शकतो.

शाळेत कधी पाठवायचं? सरकारच्या 2022 च्या सूचनेत लक्षणं सुरू झाल्यापासून पाच ते सात दिवस वेगळं ठेवायला सांगितलं होतं. ताप गेलेला असावा, फोड सुकलेले असावेत, मूल नीट खात-पीत असावं. नोकरी करणाऱ्या आईबापांना एवढी सुट्टी मिळत नाही हे मला माहितीय, आम्हीही आळीपाळीने काढली, पण अंगावर ओले फोड असताना पॅरासिटामॉल पाजून मुलाला सोडून जाऊ नका, त्याच वर्गात कुणाचं तरी सहा-आठ महिन्यांचं भावंड घरी असतं. आणि प्लेग्रुप चालवणाऱ्यांना एक विनंती, ग्रुपवर नुसतं काळजी घ्या लिहू नका. कुठल्या वर्गात झालाय, मूल शेवटचं कधी आलं होतं, खेळणी धुतली का, एवढं तरी लिहा, मुलाचं नाव न सांगताही हे सगळं लिहिता येतं.