तुम्ही विचारलंत म्हणून: ॲल्युमिनियम काळं का पडतं

"दादा, टीगनं ॲल्युमिनियम मारायलोय, सगळं काळं पडायलंय. माल खराब आहे का?"

हा प्रश्न मला सतत येतो, सोबत कोळशाच्या गुठळीसारख्या जोडाचा फोटो. (टीग म्हणजे टंगस्टनच्या टोकावरून आर्क काढून, वर आर्गन गॅसचं पांघरूण ठेवत केलेलं वेल्डिंग.) मी एका ओळीत सांगतो: पूस, घास, मशीन एसी करंटवर टाक, पंखा बंद कर. मग कानावर येतं की मी हात राखून सांगतो. बरं, तर आज हात मोकळा सोडतो.

'माल खराब' या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं, कारण ते पहिल्यांदा मीच वापरले होते.

2014 चा मे. चिकलठाणा एमआयडीसीजवळ उस्तादांचं पत्र्याचं शेड. एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, पाइपांवर माझा हात बसलेला, त्यामुळे घमेंड भरपूर. पैठणकडचे एक आबा दुधाचा कॅन घेऊन आले. कानापाशी चीर गेली होती. मी मशीन डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटवर, होतं तसंच ठेवलं आणि वेल्डिंगची टॉर्च धरली. आर्क लागली, पण धातूचा रस काही होईना. वरची कातडी नुसती सुरकुतायला लागली. दुधावर जाड साय धरावी आणि खाली दूध उकळत राहावं, तसं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडला दोन हजारांच्या वर लागतात. एसीत करंट सारखा दिशा बदलतो, त्यातल्या उलट्या फेऱ्यात ती साय फुटते. टॉर्च निगेटिव्हला लावून डीसीवर मारलं तर फुटत नाही. हे मला तोंडपाठ होतं हो! तरी हातानं अँपिअरच वाढवले. लोखंड निदान लाल होऊन बजावतं. हे पांढरं ते पांढरंच राहतं आणि एकदम बसतं. सायीसकट रुपयाएवढं भोक पडलं.

"एसी पे डाल. और पहले घिस," उस्ताद लांबूनच म्हणाले. मी पहिलं ऐकलं, दुसरं नाही.

एसीवर रस आला, आरशासारखा. वाटलं जमलं. तेवढ्यात काळं. परत स्वच्छ, परत काळं. शेडमध्ये फिरता पंखा होता. तो माझ्याकडं वळला की रसाला हवेपासून झाकणारा आर्गन उडून जायचा. समोर दिसत होतं, पण घामानं जीव चाललेला, पंख्यावर संशय कोण घेणार? रॉड घालायच्या गडबडीत टंगस्टन रसात बुडलं. ते परत न घासता तसंच पुढं मारत गेलो. चिरेत मुरलेली दुधाची चिकटी जळून तिचे बारीक फोड येत होते.

आबा उकिडवे बसून बघत होते. "सकाळी डेअरीला दूध घालायचंय," एवढंच म्हणाले.

मी म्हणालो, "आबा, माल खराब झालाय. याला आता वेल्ड धरत नाही."

त्यांनी मान हलवली. पैसे घेतले नाहीत, एवढाच माझा मोठेपणा. कॅन खांद्यावर टाकून ते गेले.

तेव्हा मला कळत नव्हतं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलोय. खोटं नाही ते. पण उस्ताद दुसऱ्यांदाही म्हणाले होते, "घिस." मग कळत नव्हतं, की आबांसमोर थांबायची लाज वाटली? रागावलो की दुसरं खरं वाटतं, आबा आठवले की पहिलं.

असो. तुमच्यासाठी: आधी ॲसिटोननं पुसा, मग स्टेनलेस स्टीलच्या तारेच्या ब्रशनं घासा. तो ब्रश फक्त ॲल्युमिनियमलाच, लोखंडाला लागलेला नको. उलटं केलंत तर तेल आत घासलं जातं. रॉडही पुसा. 3 मिमीला सव्वाशेच्या आसपास अँपिअर, आर्गन मिनिटाला 8-10 लिटर. टंगस्टन बुडलं की थांबा आणि त्याचं टोक परत घासा, कितीही घाई असो. जोड संपला तरी टॉर्च लगेच उचलू नका, गॅस थांबेपर्यंत तिथंच धरा.

माझ्या शेडमध्ये पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली आहे. मे महिन्यात पोरं मला शिव्या घालतात. घालू देत. पुढचा फोटो पाठवाल तेव्हा पंखा कुठं आहे, तेही त्यात दिसू द्या.