बाबांची कॉट

दादा म्हणाला, "लॉजचं बाबांना सांगू नकोस." संध्याकाळपासून तेच डोक्यात घोळतंय.

ठाणे स्टेशनसमोरच्या गल्लीतल्या लॉजवर बेघर निवाऱ्याचा बोर्ड लागलाय. भाजी घेऊन येताना दिसला. दारातल्या लाद्या त्याच, जिन्याचा कठडाही तोच, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. पायरीवर एक आजी केस विंचरत बसल्या होत्या.

१९७२च्या दुष्काळात बाबा साताऱ्यातल्या माणहून आले. वागळे इस्टेटमध्ये, कारखान्यांच्या वसाहतीत, काम लागलं, पण राहायचं कुठे? मग याच लॉजमध्ये कॉट मिळाली. एका कॉटवर दोघं, एक दिवसपाळीचा, एक रात्रपाळीचा. सुट्टीला दोघं एकदम आले की एकाने तलावपाळीवर जाऊन बसायचं. खाली दोघांच्या ट्रंका. आणि कॉट मिळायच्या आधी ठाण्याच्या फलाटावर झोपायचं. हे बाबा एकदाच बोलले, आईच्या तेराव्याला. दादाला ते रुचलं नव्हतं.

म्हणून सांगायचं नाही? कुणाला वाईट वाटेल, बाबांना की दादाला?

लाज कसली त्यात, हेच मला कळत नाही. जनगणनेत २०११ साली २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. फुटपाथवर, पुलाखाली, पाइपांत, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर झोपलेले सगळे त्यात आले. देशातल्या शहरांत मिळून ९ लाख ३८ हजार. बाबांची वेळ तेव्हा आली असती तर तेही त्यात धरले गेले असते. दादाचे वडील, माझे वडील.

दादा लांब राहतो, त्याला सांगायला काय जातं. कुणाला काय सांगायचं, कुणापासून काय लपवायचं, ते सांभाळायचं मात्र मीच. आई असती तर... जाऊ दे.

रात्री वाचत बसले. लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. २०११ला ठाण्याची वस्ती १८ लाखांवर होती. म्हणजे असे किमान अठरा हवेत. त्यातलं चोवीस तास मला फार महत्त्वाचं वाटलं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा पाठ टेकायला मिळते. बाबांच्या वेळी ती सोय पैसे मोजून, तीही अर्धी.

शेवटी सांगून टाकलं. वाटलं होतं गप्प होतील. त्यांनी विचारलं, "डिपॉझिट किती घेतात?"

"काही नाही, बाबा. फुकट आहे."

"आणि सामान? ट्रंक ठेवू देतात का? नाहीतर माणूस कामाला जाणार कसा? सगळं डोक्यावर घेऊन?"

हे मला सुचलंच नव्हतं. रविवारी जाऊन विचारू म्हणतात. कपाटातल्या जाड चादरी काढून ठेवायला सांगितल्यात. रिक्षा स्टेशनजवळच्या सॅटिस पुलाखाली सोडेल, तिथून गर्दीत त्यांना चालवेल का, तेवढं बघायला हवं.