आबासाहेबांच्या ११ निवडणुका आणि आमच्या घरची सहा मतं

मी सांगोल्याचा म्हटलं की २०२२ पासून समोरचा माणूस एकच वाक्य टाकतो, काय झाडी काय डोंगार काय हाटील. पुण्यात नवीन ऑफिस जॉइन केलं तेव्हा पहिल्याच दिवशी तिघांनी टाकलं. मी पण हसतो, काय करणार. त्याच्या आधी मात्र सांगोला म्हटलं की लोक विचारायचे, ते म्हातारे आमदार तुमच्याकडचेच ना, एसटीनं फिरणारे? हो तेच, गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब. गंमत बघा, हे दोन्ही सांगोले एकमेकांत इतके गुंतलेत की एकाचा विषय काढला की दुसरा येतोच, कारण झाडी-डोंगारवाले, म्हणजे शिंदेंच्या बंडात गुवाहाटीतनं फोनवर ते वाक्य म्हणणारे शहाजीबापू पाटील हेच आबासाहेबांचे आयुष्यभराचे विरोधक.

परवा फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आला, जगात सगळ्यात जास्त वेळा निवडून आलेला आमदार वगैरे. ११ वेळा हे खरं. जगात वगैरे नका हो म्हणू, केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आलेत आणि करुणानिधी पण १३ वेळा. मी हे ग्रुपवर लिहिलं तर धाकट्या चुलत्यानं 'तू कुणाकडून आहेस' असं विचारलं. म्हणून म्हटलं इथंच लिहावं सविस्तर.

मुळात हा माणूस सांगोल्याचा नव्हता हे किती जणांना माहितीय? गाव पेनूर, तालुका मोहोळ. पुण्यात वकिली शिकले, शेतकरी कामगार पक्षाच्या विचारात पडले, मग सांगोल्यात येऊन वकिली करायला लागले आणि १९६२ ला उभे राहिले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा. संयुक्त महाराष्ट्राचा जोर ओसरलेला, काँग्रेसनं २६४ पैकी २१५ जागा घेतल्या, शेकापला सगळ्या राज्यात मिळून १५. त्या १५ मधला एक हा पस्तिशीचा बाहेरचा वकील, आणि तो पण माणदेशात, जिथं तेव्हा पाणी नाही, कारखाना नाही, धड रस्ता नाही. आजोबा सांगायचे की तेव्हा प्रचार म्हणजे सायकल, कंदील आणि कुणाच्या तरी ओट्यावर भाकरी. एवढंच. जीप असली तर काँग्रेसवाल्यांची.

१९६७ ला परत आले. १९७२ ला पडले, काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी हरवलं. इंदिराबाईंची लाट होती, काँग्रेसला २७० पैकी २२२ मिळाल्या होत्या त्या वेळी, त्यामुळं तो पराभव तसा समजण्यासारखा. त्याच सुमाराला मोठा दुष्काळ पडला, आमच्याकडं अजून 'बहात्तरचा दुष्काळ' हे कॅलेंडरसारखं वापरतात, अमका बहात्तरच्या आधीचा तमकी बहात्तरच्या नंतरची. लोक खडी फोडायला गेले, सुकडी खाल्ली. १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि आबासाहेब परत निवडून आले, आणि मग १९७८, ८०, ८५, ९०, थांबायचं नावच नाही.

मधे १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले आणि नंतर १९९९ ला विलासराव देशमुखांच्या. पण एवढ्या मोठ्या कारकिर्दीत मंत्रीपद म्हणजे दोन छोटे तुकडे, पुलोद १९८० च्या सुरुवातीलाच बरखास्त झालं आणि २००२ मध्ये शेकापनं विलासरावांचा पाठिंबाच काढला. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर. म्हणजे विचार करा, सत्ता नाही, पक्ष रायगडात बरा बाकी ठिकाणी आटत चाललेला, आणि आजूबाजूला कोण तर अकलूज, पंढरपूर, सगळा साखरेचा पट्टा, जिथं आमदारकी आणि कारखाना एकाच घरात. त्यात हा लाल बावटा आणि खटाऱ्याचं चिन्ह घेऊन दर पाच वर्षांनी निवडून येतोय. आमच्याकडं लोक पक्षाचं नाव कमी घ्यायचे, 'खटाऱ्याला मारलं' असंच म्हणायचे.

जातीचं गणित होतंच, ते नव्हतं म्हणणारे खोटं बोलतात. तालुक्यात धनगर समाज मोठा आणि आबासाहेब धनगर. पण नुसत्या त्याच्यावर ११ वेळा होत नाही, आमचं घर त्या समाजातलं नाही आणि तरी आजोबांनी दुसरीकडं कधी शिक्का मारला नाही. का विचारलं तर सूतगिरणी म्हणायचे. ती पण एक भारी गोष्ट आहे. सांगोला तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही आणि तिथं या माणसानं शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली, आणि राज्यातल्या कापूस पिकणाऱ्या भागातल्या कितीतरी सहकारी गिरण्या भंगारात गेल्या तरी ही चालत राहिली. आमच्या वस्तीवरची दोन पोरं तिथं लागलेली. तीन पाळ्या, केसांत कापसाची भुरी घेऊन सायकलवर घरी यायची, आजी त्यांना लांबूनच 'म्हातारं झालं रं' म्हणायची. पगार वेळेवर व्हायचा हे मात्र मी लहानपणापासून ऐकलंय, आणि सहकारात पगार वेळेवर होणं ही काय चीज आहे ते ज्याला माहिती त्याला माहिती.

दुसरं पाणी. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब यांनी आटपाडीला पाणी परिषद भरवायला सुरुवात केली १९९३ पासून, १३ दुष्काळी तालुके, कृष्णेचं पाणी माणदेशाला द्या ही मागणी. वर्षानुवर्षं तेच ठराव, तीच गर्दी. टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी उशिरा का होईना यायला लागलं. आता इथं माझं स्वतःचं मत, आणि यावर घरी भांडणं झालीत: ५० वर्षांच्या वर आमदार असलेल्या माणसाच्या तालुक्यात २०१० नंतर पण जनावरांच्या छावण्या लागत होत्या, टँकर चालू होते, तर 'काय केलं' हा प्रश्न पोरांनी विचारणं चुकीचं नाही. डाळिंब आलं म्हणून तालुका उभा राहिला, २०२० च्या डिसेंबरात शंभरावी किसान रेल सांगोल्यातनंच बंगालला सुटली, पण ती डाळिंबं लोकांनी शेततळी खणून, टँकर ओतून, ठिबकवर जगवलेली. मग डाळिंबावर तेल्या रोग आला आणि ते पण गेलं, तो वेगळा विषय. चुलता म्हणतो विरोधी आमदाराला सरकार निधी देत नाही. बरोबर आहे. पण मग मतदारानं काय करायचं, हे तो सांगत नाही.

तर आता मुद्द्याचं, १९९५.

फेब्रुवारीतलं मतदान. समोर काँग्रेसकडून शहाजीबापू, तरणा गडी, भाषण फर्डं. त्याच दिवशी आटपाडीला आमच्या आजीच्या माहेरचं लग्न. आजोबांचा प्लॅन होता सकाळी अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि दुपारच्या गाडीनं येऊन मत द्यायचं, सहा मतं होती घरात तेव्हा. लग्न लागायला उशीर झाला, पंगत उशिरा बसली, गाडी चुकली, वडापची जीप भरेना म्हणून थांबली. घरी आले तेव्हा शाळेतलं केंद्र बंद होऊन पोलीस बाहेर चहा पीत होते. आजोबा म्हटले जाऊ दे, आबासाहेब काय पडत नाहीत.

आबासाहेब पडले. १९२ मतांनी.

त्या निकालानंतर म्हणे आजोबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि रविवारच्या जनावरांच्या बाजाराला पण गेले नाहीत, खिलारांच्या बाजाराला न जाणं म्हणजे आमच्याकडं आजारी असल्यासारखंच. शेवटी आजी वैतागून म्हटली, "अवो आपल्या सहा मतानं काय व्हनार हुतं?"

आजोबा म्हटले, "एकशे शाऐंशी झालं असतं."

हा संवाद मी किमान शंभरदा ऐकलाय. प्रत्येक मतदानाच्या दिवशी, कोणतं पण इलेक्शन असो, ग्रामपंचायत असो नाहीतर सोसायटी, सकाळी सातला आमचं सगळं घर रांगेत. मी पुण्यातनं ७ तास उभा राहून पण गेलोय मतदानाला, कारण नाही गेलो तर आयुष्यभर ऐकावं लागेल.

१९९९ ला आबासाहेबांनी जागा परत घेतली, मग २००४, २००९. २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले, मोदी लाट, आणि नव्वदीकडं झुकलेला हा माणूस शिवसेनेकडनं उभ्या असलेल्या शहाजीबापूंना २५ हजारांच्या वर मतांनी हरवून अकराव्यांदा आत गेला. आजोबांचं ते शेवटचं विधानसभेचं मतदान. बोटावरची शाई लग्नातल्या मेंदीसारखी सगळ्यांना दाखवत फिरले.

२०१९ ला आबासाहेब थांबले आणि शेकापचा गोंधळ झाला, आधी एका कार्यकर्त्याचं नाव जाहीर झालं मग ते बदलून नातवाला, डॉ. अनिकेत देशमुखांना तिकीट दिलं. २४ ऑक्टोबरला मी ऑफिसात, फोन टेबलाखाली, चुलता तिकडं मोजणीच्या ठिकाणाबाहेर गर्दीत. मशीन येऊन इतकी वर्षं झाली तरी तो अजून 'पेटी फुटली' म्हणतो. अमक्या गावची पेटी फुटली, हजारानं पुढं. पुढच्या फेरीला, तमक्याची फुटली, लीड तुटलं. दुपारनंतर त्याचा आवाज बसत गेला. शेवटचा फोन आला तेव्हा पाठीमागं फटाके वाजत होते आणि मला वाटलं आपलेच, तर तो म्हटला, "सातशे अडुसष्ट." एवढंच म्हटला आणि ठेवला. कुणाला ते विचारायची गरजच नव्हती. शहाजीबापू, १९९५ नंतर २४ वर्षांनी, परत चिमूटभर मतांनी.

मला बापूंचा राग नाही खरं तर. २४ वर्षं पडत राहून परत परत उभं राहायला पण छाती लागते, आणि ते पण त्याच माणसाच्या पुढं. ११ विजयांच्या पोस्टी सगळे टाकतात, पण बाराव्या विजयाच्या इतकं जवळ जाऊन हरलेल्यांनी परत पाच वर्षं गावोगाव लग्नं आणि मयती करत फिरणं, हे कोण लिहिणार.

३० जुलै २०२१ ला आबासाहेब गेले. पुढच्या वर्षी गुवाहाटी, झाडी, डोंगार, आणि सांगोला देशभर झाला.

२०२४ ला शेकापनं दुसरा नातू उभा केला, डॉ. बाबासाहेब देशमुख. समोर शिंदेंच्या सेनेकडनं बापू आणि ठाकरेंच्या सेनेकडनं दीपकआबा साळुंखे, म्हणजे शेकाप महाविकास आघाडीचा मित्रपक्ष पण सांगोल्यात मैत्री वगैरे काही नाही. (बाहेरच्यांसाठी: आबासाहेब वेगळे, दीपकआबा वेगळे, आमच्या तालुक्यात आबा, बापू, दादा सोडून कुणाला नावच नसतं.) २० नोव्हेंबरला आजीला खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी केंद्रावर उचलून नेलं, ऐंशीच्या पुढं वय, गुडघे गेलेत. आत जाऊन मशीनसमोर एवढा वेळ लावला की अधिकारी वाकून बघायला लागला.

२३ तारखेला मी घरीच होतो. चुलत्याचा फोन स्पीकरवर, पेट्या फुटतायत, या वेळी लीड वाढतच चाललं, दुपारपर्यंत कळलंच. अख्ख्या महाराष्ट्रात शेकापची ती एकच जागा आली, सांगोला. बाहेर पोरं गुलाल घेऊन गाड्यांवर.

आजी आत लसूण सोलत बसली होती, तिथनंच ओरडली, "किती मतानं रं?"

"पंचवीस हजाराच्या वर हाय की."

"मग लग्नाला अवंदा जायाला पायजे हुतं," ती म्हटली, आणि परत लसणाला लागली.