पणजोबा शोधायचे तर आधी मौजा शोधा

वंशावळ काढायला निघालेला माणूस आडनाव घेऊन तहसील कार्यालयात जातो आणि तिथंच अडतो. नागपूरकडच्या जुन्या दप्तरात आडनाव क्वचितच सापडतं. नोंद असते ती 'रामा वल्द गोविंदा, जात कुणबी, सा. देह' अशी, म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, राहणार याच गावचा. एका गावात असे दोन रामा सहज निघतात. म्हणून आधी मौजा, म्हणजे महसुली दप्तरातलं गाव, पक्का करायचा, नाव त्यानंतर.

मौजा म्हणजे नुसतं गावाचं नाव नव्हे. तहसील, पटवारी हलका नंबर (पटवाऱ्याच्या हाताखालच्या गावांच्या गटाचा) आणि बंदोबस्त नंबर (जुन्या जमीन मोजणी-सारा आकारणीत गावाला दिलेला) ही तिन्ही हवीत, कारण एकाच नावाची गावं वेगवेगळ्या तहसिलींत आहेत आणि खुर्द (लहान) आणि बुजुर्ग (मोठं) यांचा घोळ वेगळाच. त्यात तहसिली बदलल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल एवढ्याच होत्या. आज १४ आहेत. मौदा-पारशिवनीचं जुनं दप्तर रामटेकच्या नावानं, कुही-भिवापूरचं उमरेडच्या, नरखेडचं काटोलच्या नावानं मागावं लागतं. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यात होतं, गडचिरोली १९८२ पर्यंत चंद्रपुरात. अर्जात आजची तहसील लिहिली की 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असा शेरा येऊ शकतो, आणि लोक तिथंच शोध सोडतात.

१८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल ही कापड गिरणी सुरू झाली. त्यानंतर गिरण्यांच्या कामासाठी शहरात आलेल्या अनेक घराण्यांना आज मूळ गावच ठाऊक नाही. त्यांनी आजोबांच्या प्राथमिक शाळेपासून सुरुवात करावी. टीसीवर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) थांबू नका, दाखल-खारीज रजिस्टरचं, म्हणजे शाळेत आल्या-गेल्याच्या नोंदवहीचं, मूळ पान बघा. त्यात वडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ असतं. टीसी उतरवताना यातलं बरंच गळतं किंवा सुधारून लिहिलं जातं. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीच्या किंवा मनपाच्या शिक्षण विभागात विचारा. कुलदैवताचं ठिकाण आणि घरातल्या जुन्या लग्नपत्रिकाही गावाचा पत्ता देतात.

शेती असेल तर उलट्या दिशेनं चालायचं: आजचा सातबारा, त्यावरचे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी), मग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमिनीवरच्या हक्कांची नोंद), आणि त्याही मागे बंदोबस्ताची मिसल, म्हणजे त्या जुन्या मोजणीची कागदपत्रं. यात वंशावळीसाठी सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे वारस फेरफार. खातेदार कधी वारला, मागे कोण कोण राहिलं, विधवा कोण, अज्ञान मुलाचा पालक कोण, हे एका परिच्छेदात मिळतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत मुली बहुधा नसतात. त्या नव्हत्याच असं समजू नका. मागे जाताना खसरा नंबर (शेताचा नंबर) बदलतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर जुना नंबर आणि नवा नंबर शेजारी-शेजारी लिहून ठेवा. तो दुवा एकदा तुटला की तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या वावरात शिरता.

भूमिहीन कुटुंबांना सातबारा नाही. त्यांचा खरा आधार कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. गावचा कोतवाल पोलीस ठाण्यात जन्म-मृत्यू कळवायचा, म्हणून नोंदीची तारीख आणि जन्माची तारीख यांत काही दिवसांचं अंतर पडू शकतं. बाळाचं नाव बहुधा नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' असतं. बापाचं नाव, जात आणि गाव असतं. त्यामुळे एक नोंद काहीच सिद्ध करत नाही. त्या बापाच्या नावाची आगेमागे २० वर्षांची सगळी पानं काढा आणि भावंडांचा क्रम घरातल्या माहितीशी जुळतो का ते बघा. तरी पणजोबांची नोंद मिळत नसेल तर पणजोबांच्या आईचं माहेर शोधा. पहिलं बाळंतपण माहेरी होण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जन्म जिथं झाला तिथल्या बुकात नोंद गेली. हा रस्ता फार थोडे लोक धरतात, आणि माझ्या मते अडलेल्या शोधाची किल्ली अनेकदा इथंच असते. गाव 'रिठी' असेल, म्हणजे शिवार आहे पण वस्ती नाही, तर शेजारच्या आबाद गावाचं बुक बघा.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. हा भाग इंग्रजी अमलात हिंदी मुलखासोबत मध्यप्रांतात असल्यानं कित्येक नोंदी हिंदी वळणाच्या आहेत: 'ळ' चा 'ल' होतो. शिवाय बोलीतलं नाव लिहिल्यानं गोविंदाचा गोंद्या होतो. आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची पद्धत असल्यानं एक अख्खी पिढी गाळली जाण्याचा धोका कायम असतो. मृत्यूच्या नोंदीतल्या वयावरून जन्मसाल काढून पाहिलं की ही चूक लगेच दिसते.

जात पडताळणीसाठी शोध असेल तर तारखा लक्षात ठेवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा याआधीचा हवा, आणि पितृकुळाचा. पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर तपासू शकतं, म्हणून नक्कल मागण्याआधी पान स्वतः बघून घ्या. जातीचा रकाना वेगळ्या शाईत किंवा खाडाखोड केलेला असेल तर ती नोंद कितीही सोयीची असो, बाजूला ठेवा. अर्जात मौजा, वर्ष, पान आणि अनुक्रमांक लिहा. तेवढं लिहिलं तर नक्कल विभागातल्या माणसालाही बस्ता (कागदांचं गाठोडं) नेमका काढता येतो.