सीए फायनलची बदललेली परीक्षा आणि माझी तयारी

सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, १ जुलै २०२३ पासून शिक्षण व प्रशिक्षणाची नवी योजना लागू केली, तेव्हा मी कोल्हापुरात शाहूपुरीतील एका सीए कार्यालयात आर्टिकलशिप, म्हणजे सीएसाठी आवश्यक प्रत्यक्ष प्रशिक्षण, करत होते. मे २०२४ च्या परीक्षेपासून फायनलचे ८ पेपर ६ झाले. कंपनी व आर्थिक कायदे आणि कॉस्टिंग हे विषय स्वयंगतीने शिकायच्या ऑनलाइन संचांमध्ये गेले, ज्यांच्या संगणकीय चाचणीत ५० टक्के गुण लागतात. त्या चाचण्या मी आधीच उरकून घेतल्या. विषय कमी झाल्यामुळे अभ्यास हलका झाला, असा समज आमच्या अभ्यासिकेत सर्रास होता. मला तो पटला नाही, कारण खरा बदल प्रश्नांच्या स्वरूपात होता.

पहिल्या पाचही पेपरांत ३० गुण केस सिनॅरिओवर, म्हणजे एखाद्या व्यवहाराचे वर्णन करणाऱ्या उताऱ्यावर, आधारित बहुपर्यायी प्रश्नांना आहेत. वर्णनात्मक उत्तरात शेवटचा आकडा चुकला तरी वर्किंग नोट्सचे, म्हणजे मांडलेल्या आकडेमोडीचे, गुण पदरात पडतात. ओएमआरवर, म्हणजे वर्तुळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, मात्र उत्तर बरोबर असते किंवा चूक. ऋण गुण नसल्याने एकही वर्तुळ रिकामे सोडायचे नाही हे उघड होते, पण अंदाजाच्या भरवशावर प्रत्येक पेपरला ४० आणि ग्रुपला (तीन पेपरांच्या गटाला) सरासरी ५० टक्के गाठता येत नाहीत. म्हणून १८० मिनिटांपैकी पहिली ५० मिनिटे या प्रश्नांसाठी राखायची आणि आधी प्रश्न वाचून मग उताऱ्याकडे वळायचे, अशी सवय मी मॉक टेस्ट पेपर घड्याळ लावून सोडवत अंगी बाणवली.

या तयारीत मला क्लासच्या नोट्सपेक्षा कार्यालयातील कामाचा अधिक उपयोग झाला. शिरोली एमआयडीसीतील फौंड्र्यांचे लेखापरीक्षण आमच्याकडे असे, आणि तिथले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशीनिंगसाठी सतत जॉब वर्कवर, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, बाहेर जाते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार असा माल एका वर्षात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात. मोल्ड, डाय, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना मात्र ही मुदत लागू नाही. हा अपवाद पुस्तकात चटकन नजरेतून निसटतो. चलने तपासताना कोणती वस्तू कोणत्या तारखेला गेली आणि ती नेमकी कोणत्या प्रकारात मोडते, हे सर आम्हांला प्रत्येक वेळी विचारत. केस सिनॅरिओही हेच विचारतो: पानभर मजकुरातून निर्णय बदलणारी तारीख किंवा वस्तू शोधायची असते. त्यामुळे मी कलमे पाठ करण्याऐवजी प्रत्येक अपवादापुढे आमच्या फाइलमध्ये दिसलेला एखादा व्यवहार लिहून ठेवू लागले. आर्टिकलशिपमध्ये केवळ नोंदी करण्याचे काम मिळणाऱ्या मुलांना ही सोय नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. नव्या योजनेत प्रशिक्षण तीनऐवजी दोन वर्षांचे झाल्यावर तर कार्यालयांनी त्यांना असे काम लवकर द्यायलाच हवे.

सहावा पेपर ओपन बुक आणि चार तासांचा. पुस्तके सोबत नेता येतात, म्हणून मी लेखामानके, लेखापरीक्षण मानके आणि करकायदे यांना रंगीत चिठ्ठ्या लावून स्वतःची अनुक्रमणिका बनवली होती. प्रत्यक्षात एकाच प्रकरणात कर, लेखापरीक्षण आणि वित्त व्यवस्थापन गुंतलेले असते, त्यामुळे कुठे पाहायचे हे आधीच ठाऊक असेल तरच पुस्तक उघडण्यात अर्थ असतो. मी ते आकडेवारी व कलमांची खात्री करण्यापुरतेच उघडले.

दोन्ही ग्रुप एकत्र सुटले, आणि सर्वाधिक गुण अप्रत्यक्ष कराच्या पेपरात मिळाले.